छताच्या काचेला टवका पडला असेल तर पुढे ढकलू नका

गारपीट झाली की आपण आधी शेताकडे धावतो. हरभरा किती झोडपला, गहू किती आडवा झाला, पंचनाम्याला कोण येणार, हेच डोक्यात असतं आणि तसंच असायला हवं. गाडीकडे लक्ष जातं ते दोन-तीन दिवसांनी. बॉनेटवरचे पोचे मोजले जातात, समोरच्या काचेला तडा नाही ना हे बघितलं जातं आणि गाडी पुन्हा रस्त्यावर निघते. छताकडे कुणी बघत नाही. ते नजरेच्या वर असतं, त्यावर धुळीचा थर असतो आणि आजवर छत म्हणजे पत्रा एवढंच आपल्याला ठाऊक होतं. पत्र्याला पोचा आला म्हणून काही बिघडत नव्हतं.

आता बऱ्याच गाड्यांचं छत पत्र्याचं राहिलेलं नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात मोठी गारपीट झाली, आपल्या रिसोड भागालाही तिने झोडपलं. तेव्हा काचेच्या छताची गाडी वाशीम जिल्ह्यात शोधावी लागली असती. २०१९ मध्ये एमजी हेक्टर आली, २०२० मध्ये नवी क्रेटा आली, आणि २०२४ मध्ये तर महिंद्राच्या थ्रीएक्सओसारख्या चार मीटरच्या आतल्या गाडीलाही पॅनोरमिक सनरूफ मिळू लागलं. आज लेकरांच्या हट्टाखातर सनरूफवालं मॉडेल घेणारी घरं वाशीममध्ये आहेत, कारंजात आहेत, मंगरुळपीरमध्येही आहेत. शोरूमवाला बटन दाबून छत उघडून दाखवतो. ती काच टिचली तर काय करायचं, हे कुणी सांगत नाही. म्हणून हे सांगणं: छताच्या काचेवर टवका किंवा तडा दिसला तर त्याच आठवड्यात गाडी वर्कशॉपला दाखवा, आणि दाखवून होईपर्यंत त्या काचेखाली लेकराला बसवू नका.

एवढी घाई का, ते काच कोणती यावर आहे. समोरची काच लॅमिनेटेड असते. म्हणजे काचेचे दोन पातळ थर आणि मध्ये पारदर्शक, चिवट प्लास्टिकचा पापुद्रा. तिला गिट्टी लागली तर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जातात, पण काच जागेवर राहते. त्या काचेवरचा छोटा टवका तज्ज्ञ कारागीर रेझिन भरून थांबवूही शकतो. आपल्याला अनुभव याच काचेचा आहे, त्यामुळे छताचीही काच तशीच असणार असं आपण धरून चालतो. छताची काच मात्र अनेक गाड्यांत टफन्ड असते. ही काच सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने एकदम थंड करतात. त्यामुळे तिचे वरचे-खालचे पृष्ठभाग आवळले जातात आणि पोटात ताण साठून राहतो. म्हणूनच ती साध्या काचेपेक्षा कितीतरी मजबूत असते. पण एखादा टवका त्या आवळलेल्या थरातून खाली ताणापर्यंत पोचला, की तडा एका जागी थांबत नाही. सगळी काच एका क्षणात बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यांत फुटते. टवका पडला त्याच वेळी फुटेल असंही नाही. काही दिवसांनी, भर उन्हात उभ्या गाडीत किंवा खड्ड्यातून आदळताना फुटू शकते. त्यामुळे टफन्ड काचेच्या टवक्याला रेझिन भरून दुरुस्ती नसते. काच बदलणं हाच उपाय. कुणी 'हजारात भरून देतो' म्हणाला तर त्याला आधी विचारा, काच कोणती आहे.

ते तुम्ही स्वतःही बघू शकता. काचेच्या एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत छाप असतो. कंपनीचं नाव, मानकाचा क्रमांक आणि बहुतेक वेळा काचेचा प्रकार, कधी पूर्ण शब्दात तर कधी नुसत्या खुणेने. पॅनोरमिक छताला पुढची आणि मागची अशा दोन काचा असतील तर दोन्हींवरचे छाप वाचा, कारण दोन्ही एकाच प्रकारच्या असतीलच असं नाही. छापावरून उलगडा झाला नाही तर त्याचा मोबाईलवर फोटो काढा आणि अधिकृत वर्कशॉपमध्ये चेसिस नंबर देऊन विचारा. उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी मागा. हे काच चांगली असतानाच करून ठेवलेलं बरं.

काचेचं छत आपोआप फुटतं, अशी तक्रार जगभर आहे. अमेरिकेत 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक संस्थेने २०१७ मध्ये तिथल्या सरकारी नोंदी तपासल्या, तेव्हा १९९५ पासूनच्या अशा किमान ८५९ तक्रारी सापडल्या. त्या एका कंपनीच्या नव्हत्या, अनेक कंपन्यांच्या होत्या. दक्षिण कोरियातही सरकारी यंत्रणेने चाचण्या घेतल्या. तिथे लक्षात आलं की काचेच्या कडेला जो काळा सिरॅमिकचा पट्टा भाजून बसवलेला असतो, त्या भागात काचेची ताकद मधल्या भागापेक्षा कमी भरते. आपल्याला यातून घ्यायचं ते असं की छत तपासताना मधोमध नजर फिरवून थांबू नका. काळा पट्टा आणि काचेची कड सर्वांत जास्त वेळ देऊन बघा. तिथला तिळाएवढा टवकाही मधल्या ओरखड्यापेक्षा गंभीर समजा.

तपासायचं कसं? सकाळी, काच गार असताना. आधी भरपूर पाणी सोडून धूळ वाहून जाऊ द्या. कोरडं फडकं फिरवलं तर धुळीतले खडेच काचेवर घासले जातात. काच वाळली की आतला पडदा उघडा, मागच्या सीटवर आडवे व्हा आणि मोबाईलची टॉर्च काचेला जवळजवळ टेकवून तिरपी धरा. सरळ प्रकाशात काहीच दिसत नाही. तिरप्या प्रकाशात ओरखडा बारीक रेघ म्हणून चमकतो आणि टवका वेगळाच ओळखू येतो. मध्ये खोलगट ठिपका, त्याच्या तळाशी काचेचं पांढरं पीठ आणि भोवती अर्धचंद्रासारखी शिंपल्याची झाक. मग बाहेरून स्टुलावर उभं राहून तीच जागा शोधा आणि नख हलकेच फिरवा. नख सरकलं तर वरवरचा ओरखडा आहे. नख अडकलं तर गाडी वर्कशॉपला न्यायची. बोटाचं पेर घासू नका, कापतं. कापसाचा बोळा काळ्या पट्ट्यावरून फिरवला तर जिथे काच उडाली असेल तिथे धागे अडकतात. कडेचा टवका शोधायला याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

सापडलेल्या जागेशेजारी एक रुपयाचं नाणं धरून फोटो काढा, म्हणजे आकार कळतो. लॅमिनेटेड काचेवर तडा असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना मार्करने खूण करून बाजूला तारीख लिहा. चार दिवसांनी तडा खुणेच्या पुढे गेलेला दिसला तर तो वाढतो आहे. मग रेझिनचा विषय संपतो. टफन्ड काचेवर हे खुणा करून वाट बघणं करूच नका. तिथे वाढणारा तडा दिसतच नाही. ती काच शाबूत असते किंवा फुटलेली असते.

आपल्या भागात ही काच कशाने दुखावते याचा थोडा विचार करा. गार हे एक कारण झालं. दुसरं, गिट्टीचे टिप्पर. ताडपत्री न झाकता भरून निघालेल्या टिप्परच्या मागे राहिलात की उडालेला खडा समोरच्या काचेवरून उसळून छतावर जातो. अशा टिप्परमागे अंतर ठेवा, रस्ता मोकळा असेल तर ओव्हरटेक करून निघून जा, नसेल तर मागेच थांबा. तिसरं, झाडं. उन्हाळ्यात सावली हवीच, पण कवठाखाली गाडी लावू नका. पिकलेलं कवठ उंचावरून पडलं की दगडासारखं लागतं. वानरांचा कळप जिथे येतो तिथेही तसंच. झाडावरून छतावर थेट उडी मारणारं वानर वजनाने लहान नसतं.

चौथं कारण आपण स्वतः आहोत आणि हे मला सगळ्यांत जास्त खटकतं. वरातीत नवरदेवाला आणि करवल्यांना सनरूफमधून बाहेर उभं करायचं, लेकरांना सीटवर उभं करून डोकं बाहेर काढायला लावायचं, वर त्याचा व्हिडिओ काढायचा. गाडीने कचकन ब्रेक मारला तर त्या लेकराची छाती थेट चौकटीच्या कडेवर आदळते. काचेचं नुकसान त्यापुढे काहीच नाही, पण तेही होतंच. कडेवर बसल्याने, हात टेकल्याने चौकट आणि रूळ वाकतात, मग काच बंद होताना एका बाजूला घासते आणि तिथेच तिची कड उडते. तसंच छतावर कॅरियर बसवून धान्याची पोती बांधणं. काचेच्या छताच्या गाडीवर किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय छतावर काहीही बांधू नका.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ अंशांवर जातो. उन्हात उभ्या गाडीची काच हात लावू देत नाही. अशा काचेवर गार पाण्याची बादली ओतली तर चांगली टफन्ड काच ते सोसते, पण आधीच टवका असलेली काच सोसेलच असं नाही, आणि लॅमिनेटेड काचेतला तडा तर अशाने हमखास पुढे सरकतो. रामनवमीला पोहरादेवीला गेलात, गाडी दिवसभर उघड्या मैदानात उभी राहिली, तर परत आल्यावर आधी दरवाजे उघडून हवा खेळू द्या, मग एसी लावा. छताचा पडदा मात्र गाडी उभी करतानाच ओढून ठेवा. पडद्याने ऊन अडतं, आणि काच फुटलीच तर तुकडे सीटवर सांडण्याऐवजी बरेचसे पडद्यावर थांबतात. लेकरं मागे बसलेली असताना, महामार्गावर, हा पडदा बंदच ठेवावा असं माझं स्पष्ट मत आहे. आभाळ दाखवायचं तर गाडी थांबवून दाखवा.

आता धावत्या गाडीत काच फुटली तर. समृद्धी महामार्ग आपल्या कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव तालुक्यांतून जातो आणि तिथे कारला १२० पर्यंत वेगाची मुभा आहे. त्या वेगाला गाडी एका सेकंदात ३३ मीटर पुढे जाते. काच फुटल्याचा आवाज टायर फुटल्यासारखा किंवा त्याहून मोठा असतो. अशा वेळी माणूस दचकून ब्रेकवर उभा राहतो आणि खरा अपघात तिथे होतो. स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, वेग हळूहळू उतरू द्या, इंडिकेटर देऊन डावीकडे या. मागे वळून वर बघू नका, शेजारच्याला बघायला सांगा. सनरूफचं बटन दाबू नका, कारण तुकडे रुळात अडकले की मोटारही जाते आणि उरलेली काचही खाली येते. पडदा हाताने सरकणारा असेल आणि सहज सरकत असेल तर शेजारच्याने तो ओढून घ्यावा. गाडी रस्त्याच्या कडेला, शक्य असेल तर इंटरचेंजला किंवा पेट्रोल पंपाला घेऊन उभी करा, धोक्याचे दिवे लावा, माणसांना डाव्या बाजूने उतरवून कठड्यापलीकडे न्या. कुणाला लागलं असेल तर १०८, इतर मदतीला ११२. डोळ्यात कण गेला असेल तर चोळू देऊ नका, स्वच्छ पाण्याने धुवा आणि दवाखान्यात न्या.

घरापर्यंत किंवा वर्कशॉपपर्यंत गाडी न्यायचीच असेल तर जाड प्लास्टिकचा कागद बाहेरून पसरून रुंद चिकटपट्टीने पक्का करा आणि आतल्या रस्त्याने सावकाश जा. महामार्गाच्या वेगाला तो कागद टिकत नाही. काच फुटून जागेवरच लोंबकळत असेल तर ती काढण्याचा उद्योग करू नका. बाहेरून पट्ट्या मारा आणि टोइंग बोलवा. नंतर गाडी साफ करताना हातमोजे घाला, सीट बेल्टच्या कुलपात आणि एसीच्या जाळीत राहिलेले तुकडे व्हॅक्यूमने काढून घ्या. फटका मारून झटकलेल्या सीटमध्ये महिनाभराने काच टोचते.

पण हे सगळं साफ करण्याआधी एक काम: फोटो आणि विमा कंपनीला फोन. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर या काचेचे पैसे मिळत नाहीत. स्वतःच्या गाडीचं नुकसान धरणारा, म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह विमा असेल तर गारपीट, वादळ, दंगल, बाहेरून झालेला अपघाती आघात ही सगळी कारणं नेहमीच्या पॉलिसीत नाव घेऊन दिलेली असतात. लोकांना ठाऊक नसलेली एक गोष्ट म्हणजे काचेच्या भागांवर घसारा कापला जात नाही, गाडी कितीही जुनी असो. रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर मात्र ५० टक्के कापतात. त्यामुळे बिलात काच, रबरी सील, प्लास्टिकची चौकट आणि मजुरी वेगवेगळी लिहून मागा. सगळं एका आकड्यात टाकलेलं बिल घेऊ नका. झिरो डेप्रिसिएशनची जोड घेतलेली असेल तर रबर-प्लास्टिकचीही ही कपात सहसा होत नाही. सक्तीची वजावट १,५०० सीसीपर्यंतच्या खासगी कारला १,००० रुपये आणि त्यावर २,००० रुपये असते.

क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो, ही भीती खरी आहे. तो बोनस २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत असतो. म्हणून आधी वर्कशॉपचं लेखी एस्टिमेट घ्या, मग विमा एजंटला विचारा की बोनस गेला तर पुढच्या वर्षीचा हप्ता किती वाढेल, आणि दोन्ही आकडे समोर ठेवून ठरवा. पॅनोरमिक काच महाग असते, त्यामुळे बहुधा क्लेमच परवडतो. सर्वेअर बघून जाईपर्यंत काच बदलू नका. 'आपोआप फुटली' एवढंच लिहून देऊ नका. गारपीट झाली होती, टिप्परमागे होतो, खडा लागल्याचा आवाज आला होता, जे घडलं असेल ते तारीख-वेळेसह लिहा. खरंच काही कारण नसताना फुटली आणि गाडी वॉरंटीत असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि फुटलेल्या काचेचे तुकडे, विशेषतः जिथून फुटायला सुरुवात झाल्यासारखं दिसतं तो भाग, पिशवीत जपून ठेवा. वर्कशॉपने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, विम्याच्या तक्रारीला १५५२५५ आहे, आणि वाशीमला जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.

नवी काच बसवताना बाजारातली साधी काच कापून किंवा ॲक्रेलिकचं पान लावून वेळ मारून नेऊ नका. पार्ट नंबर जुळणारी, तोच छाप असलेली काच हवी. ती जवळ नसेल, मागवावी लागेल, त्याला वेळ लागेल. थांबा. चिकटवलेली काच असेल तर गोंद पूर्ण वाळायला किती तास लागतात ते विचारा आणि तेवढा वेळ गाडी धुऊ नका, सगळ्या काचा बंद असताना दरवाजा धाडकन लावू नका. सरकणारी काच असेल तर मधे बोट किंवा वस्तू आल्यावर ती मागे सरकते ना, हे कारागिरासमोर जाडसर गुंडाळलेला टॉवेल धरून बघा. स्वतःचं बोट घालून बघू नका.

गळतीबद्दल थोडं वेगळं. पावसाळ्यात छताच्या कापडावर ओल दिसली की आपण काच चिरली असं समजतो. बहुतेक वेळा काच चांगली असते. सनरूफच्या चौकटीत थोडं पाणी येणं हे त्याच्या रचनेतच धरलेलं असतं आणि ते कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खांबांमधून खाली वाहून जातं. त्या नळ्या तुंबल्या की पाणी आत उतरतं. आपल्याकडे त्या तुंबायला कारण भरपूर. ऑक्टोबरात सोयाबीन काढणीच्या दिवसांत थ्रेशरजवळ उभी केलेली गाडी कुटाराने भरते, वर लिंबाचा पाला. पायाखालचं मॅट ओलं, गाडीत कुबट वास, समोरच्या काचेवर सतत वाफ, ही त्याची लक्षणं. चौकटीच्या कोपऱ्यात कपभर पाणी हळूहळू ओता आणि गाडीखाली ते टपकतं का बघा. टपकलं नाही तर नळी तुंबली आहे. तार खुपसू नका आणि कॉम्प्रेसरची जोराची हवा मारू नका, आतला जोड निसटला तर छताचं कापड उतरवावं लागतं. मऊ नायलॉनची दोरी सावकाश सरकवून निघाली तर ठीक, नाहीतर वर्कशॉपला द्या. रबरी सीलला ऑइल किंवा डिझेल लावू नका, रबर फुगतं. सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात पुरे. आणि ही गळती विम्यात बसत नाही, ती देखभालीत मोडते. म्हणून मृगाच्या आधी एकदा आणि सोयाबीन घरात आल्यावर एकदा या नळ्या बघाव्यात.

जुनी गाडी घेत असाल तर इसार देण्याआधी दिवसाच्या उजेडात छत तीन वेळा उघड-बंद करून बघा. छताच्या काचेवरचा छाप आणि दारांच्या काचेवरचे छाप ताडून पाहा. कंपनी किंवा सालाची खूण वेगळी निघाली तर काच बदललेली असू शकते. त्यात वाईट काही नाही, पण कधी, कुठे आणि कशामुळे बदलली याचं बिल मागा. मग छतावर पाच मिनिटं पाइपने पाणी सोडा आणि आत बसून वर हात फिरवा. विकणारा पाणी सोडू देत नसेल तर ती गाडी घेऊ नका.